पाण्याचा ताळेबंद : एका फलकाचे परीक्षण

व्यवसायातील आकडे एका दृष्टिक्षेपात दाखविणाऱ्या संगणकीय पटाला आज ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ घोडागाडीच्या पुढील, चिखल अडविणारी फळी असा आहे. चांगल्या अहवालाकडूनही हीच अपेक्षा करावयाची : अनावश्यक आकड्यांचा चिखल त्याने अडवावा आणि पुढची वाट दिसू द्यावी. या कसोटीवर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद पारखून पाहण्याजोगा आहे.

पर्जन्यछायेतील हे अवर्षणप्रवण गाव आदर्श गाव योजनेत आले आणि पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे जलसंधारणाची कामे झाली. परंतु पाणी अडविल्याने ते पुरतेच असे नाही. म्हणून पावसाची नोंद ठेवून पाण्याचा जमाखर्च मांडावयाचा, तो ग्रामसभेपुढे ठेवावयाचा आणि त्यानुसार पिके ठरवावयाची, असा प्रघात गावाने पाडला. सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा आणि उसासारखी पिके टाळण्याचा निर्बंध या हिशेबामुळेच समजण्याजोगा होतो.

मांडणीच्या दृष्टीने या ताळेबंदाचे तीन गुण सांगता येतात. पहिला, क्रम. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी आणि शेती नंतर, हा नैतिक निर्णय नुसत्या अनुक्रमातूनच व्यक्त होतो. दुसरा, एकच परिमाण. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे 977 हेक्टर धरल्यास 400 मिलिमीटर पावसाचे सुमारे 390 कोटी लिटर होतात. एरवी निरनिराळ्या परिमाणांत सांगितले जाणारे पाऊस व पीक यामुळे एका तराजूत तोलता येतात. तिसरा, वेळ. हा हिशेब रब्बीच्या पेरणीपूर्वी हाती येतो. विल्यम प्लेफेअर याने 1786 मध्ये इंग्लंडच्या आयातनिर्यातीच्या रेषा एकाच आलेखात काढल्या, तेव्हा त्या दोहोंमधील अंतर हेच त्याचे मुख्य प्रतिपाद्य होते. येथेही जमा व खर्च यांतील अंतर हाच खरा मजकूर होय.

तथापि अशा मांडणीत एक उणीव सहज राहून जाते. मराठी दप्तरांत ‘अजमास’ आणि ‘ताळेबंद’ हे दोन वेगळे कागद असत : पहिला पुढील अंदाजाचा, दुसरा वर्षअखेरीच्या मेळाचा. पाण्याच्या हिशेबात हे दोन्ही एकाच रकान्यात येतात. पर्जन्यमापकावरील आकडा मोजलेला असतो. बाष्पीभवन, मातीतील ओल आणि भूगर्भात मुरलेले पाणी हे मात्र बहुतांशी अनुमानाने काढलेले असतात. तरीही कोटी लिटरांच्या रूपात सारे आकडे सारख्याच निश्चयाने बोलतात. स्वच्छ मांडणीचा हाच धोका आहे. तिच्या नेटकेपणामुळे अनिश्चितताही पुसली जाते.

हा आक्षेप केवळ लेखनशैलीचा नव्हे. या आकड्यांवर विसंबून एखादा शेतकरी गव्हाऐवजी हरभरा पेरतो. आकडा चुकला तर त्याची झीज त्यालाच सोसावी लागते. तेव्हा मोजलेले आणि अनुमानित आकडे वेगळ्या रंगांत लिहावेत, आणि शेजारी गतवर्षीचा अंदाज व विहिरींत प्रत्यक्ष आढळलेली पातळी यांचा रकाना असावा. एवढ्याने फलकावर एका रकान्याची भर पडेल, पण वाचणाऱ्यास अंदाजाची खोटही पाहता येईल.

बैठकीत दाखवून मिटविल्या जाणाऱ्या अनेक सुबक व्यापारी अहवालांना या ग्रामीण जमाखर्चापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. येथे ज्यांचा हिशेब आहे, त्यांच्यासमोरच तो वाचला जातो. ज्या अहवालाला भर सभेत प्रश्न विचारता येतो, त्याची मांडणी आपोआपच सुधारत जाते.