फिलिपिक आणि आगपाखड

लांबलचक, संतप्त भाषणास इंग्रजींत जे शब्द आहेत त्यांत ‘फिलिपिक’ हा सर्वांत मानाचा. त्याचा अर्थ विचारला असतां आमचे विद्यार्थी बहुधा ‘आगपाखड’ असें उत्तर देतात, आणि तें आम्हांस पटत नाहीं. सुपांत निखारे घेऊन पाखडणाराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. ठिणग्या चौफेर उडतात, पाखडणाराचेहि हात पोळतात; दाणा मात्र सुपांत एकहि नसतो. मूळच्या फिलिपिकांत दाणा आहे.

मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध अथेन्सच्या डिमॉस्थेनीसनें जीं भाषणें केलीं त्यांवरून हें नांव पडलें. पहिलें इ. स. पू. ३५१ मधील. तें वाचतांना आश्चर्य वाटतें तें याचें, कीं फिलिपला त्यांत शिव्याशाप फारसे नाहींतच. वक्त्याचा राग आहे तो समोर बसलेल्या आपल्याच नगरबंधूंवर, फिलिप मेला कीं आजारी आहे याच्या वार्ता चघळीत बसणाऱ्या त्यांच्या आळसावर. आणि मग ऐन भरांत तो हिशेब मांडूं लागतो! १० वेगवान जहाजें, २,००० पायदळ, २०० स्वार. पायदळाचा चौथा हिस्सा अथेन्सच्या नागरिकांचाच हवा. खर्च ९० टॅलंटांहून कांहींसा अधिक, तोहि बाबवार. संतापलेल्या माणसास बेरीज सुचावी, हें आम्हांस त्याच्या साऱ्या अलंकारांहून थोर वाटतें.

शब्दास आजचा अर्थ चिकटला तो मुख्यतः सिसरोमुळें, असें आमचें मत आहे. इ. स. पू. ४४-४३ मध्यें त्यानें अँटनीविरुद्ध १४ भाषणें रचलीं आणि थट्टेनें त्यांस हेंच नांव दिलें. त्यांतील सर्वांत गाजलेलें दुसरें. तें सभेंत कधीं बोललें गेलेंच नाहीं, केवळ लेखरूपानें पसरलें. अँटनीचें मद्यपान, भरसभेंतलें ओकणें, तरुणपणचे चाळे, कांहीं म्हणून त्यानें सोडलें नाहीं. ही खरोखर लाखोली आहे, एकेक पान मोजून वाहिलेली. धैर्याविषयीं शंका नको; त्याचें शिर व हात पुढें रोमच्या व्यासपीठावर टांगले गेले.

हीच चाळणी मराठीस लावून पाहावी. ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनीं जोतीराव फुल्यांवर जी टीका केली तिची भाषा काय विचारावी! परंतु फुल्यांच्या व्याकरणास हसण्यांत जी पानें गेलीं आहेत तीं पाखडलीं असतां हातीं फोलच लागतें. उलट १८८३ सालीं लिहून पुरा झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्यावा. राग त्यांत ओसंडून वाहतो, क्वचित् तोलहि सुटतो. तरी शेवटच्या प्रकरणांत तळीं व धरणें बांधावींत, मेंढरांची उत्तम अवलाद आणावी, चांगलें पीक काढणारांस बक्षिसें द्यावींत, असा कामाचा तपशील येतोच. असूडास आगपाखड म्हणणारांनीं निदान तेवढें एक प्रकरण वाचावें.