निसर्गावस्थेतील पोरका माणूस

राजा नव्हता, कायदा नव्हता, शेताला बांध नव्हता, तेव्हा माणूस कसा होता? या प्रश्नाची दोन गाजलेली उत्तरे आपल्या मुलांना महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या तासाला भेटतात. टॉमस हॉब्जच्या ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) निसर्गावस्था म्हणजे प्रत्येकाचे प्रत्येकाशी युद्ध, रूसोच्या विषमतेवरील निबंधात (१७५५) तोच माणूस एकाकी, निरुपद्रवी आणि दयाळू. एकाला लांडगा दिसला, दुसऱ्याला कोकरू. परीक्षेपुरते एवढे पुरते.

दोन्ही ग्रंथ लागोपाठ वाचताना मला मात्र त्यांतील भेदापेक्षा साम्यच अधिक जाणवले. दोहोंतही घर नाही. आपल्या आधीच्या लॅटिन ग्रंथात (१६४२) हॉब्ज सांगतो की, माणसे भूछत्रांसारखी जमिनीतून उगवून एकदम प्रौढ झाली आहेत व कुणाचे कुणाशी काही देणे लागत नाही, अशी कल्पना करा. पहिल्या पावसानंतरची अळंबीच जणू! रूसोच्या अरण्यात आई बाळाला पाजते खरी, पण ते स्वतःचे अन्न शोधू लागताच दोघांची ताटातूट होते आणि पुढे ती एकमेकांना ओळखतही नाहीत. हॉब्ज आईला अगदीच विसरला आहे असे नाही. निसर्गावस्थेत मुलावर अधिकार तिचाच, हे तो स्पष्ट म्हणतो. परंतु का? तर त्याला पोसणे वा टाकून देणे तिच्या हाती असते म्हणून. ज्याने जीव राखला त्याची आज्ञा पाळणे आले. तान्ह्याशीसुद्धा करारच!

ही केवळ विचारासाठी केलेली कल्पना आहे, असे त्यांचे समर्थक म्हणतील. मान्य. पण कल्पना करणारा काय वगळतो, हे पाहणे हेच टीकाकाराचे काम. चरित्रावरून सिद्धांत खोडणे हा आळशी मार्ग होय, हे जाणूनही दोन गोष्टी नोंदवितो. हॉब्जचे वडील पाळक होते; चर्चच्या दाराशी झालेल्या मारामारीनंतर ते कुटुंब सोडून गेले. रूसोची आई त्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली, आणि पुढे त्याने आपली पाचही मुले पॅरिसच्या अनाथालयात पाठविली.

कुणी विचारील, आपल्या आदामाला तरी बालपण कुठे होते? आक्षेप रास्त आहे. मात्र ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात आज्ञा आहे, राजा नाही, आणि देवाला जे प्रथम चांगले वाटत नाही ते माणसाचे एकटेपण. तेथे सोबत आधी येते, पतन नंतर.

म्हणून घर म्हणजे शांती, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. ‘लेव्हायथन’च्या १६६८ च्या लॅटिन आवृत्तीत हॉब्जने आपल्या युद्धावस्थेसाठी काइनाचाच दाखला दिला आहे. दाखला समर्पक आहे. घरातल्या मत्सराचे भय त्याला रूसोहून अधिक कळले होते. परंतु ज्या दोघांची नावे त्याने घेतली ते भूछत्रे नव्हते. ते एकाच आईचे लेक होते, आणि त्या हत्येची भीषणता तेवढ्यावरच उभी आहे. पवित्र शास्त्रातले पहिले नगर वसविले तेही पुढे त्याच काइनाने, आणि त्याला त्याने आपल्या मुलाचे नाव दिले.