टॅलाडेगाची फेरी आणि जाळीमागचे प्रेक्षक

मंडळी, एखादं अनुकरण खरं आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? चित्र हुबेहूब दिसतं म्हणून, की मोजल्यावर माप जुळतं म्हणून? प्रश्न जुनाच आहे. आज आम्ही तो एका अनपेक्षित जागी तपासणार आहोत : अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचे १९९० च्या दशकातले कॉम्प्युटर गेम.

स्टॉक कार म्हणजे बाहेरून रस्त्यावरच्या मोटारीसारखी दिसणारी, आतून मात्र फक्त शर्यतीसाठी बांधलेली गाडी. नॅस्कार ही या शर्यती भरवणारी मोठी संस्था. ट्रॅक बहुतेक लंबगोल, गाड्या डावीकडेच वळणार. यात बघायचं काय, असं कोणी विचारलंच, तर आमचं उत्तर : घड्याळ बघा.

१९९४ च्या सुमारास दोन गेम समोरासमोर आले. एक जपानच्या सेगा कंपनीचा ‘डेटोना यूएसए’, नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा. दुसरा मॅसॅच्युसेट्समधल्या पपायरस कंपनीचा ‘नॅस्कार रेसिंग’, घरच्या पीसीवरचा. पपायरस काढली डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी. १९८९ सालचा त्यांचा ‘इंडियानापोलिस ५००’ सपाट रंगांच्या बहुकोनांतूनही गाडीचं वजन जाणवून देत होता.

सेगाचा गेम दिसायला देखणा, यात वाद नाही. निळंशार आकाश, सेकंदाला ६० चित्रं, कुठे अडखळणं नाही. पण गंमत बघा. नाव डेटोनाचं, आणि खरा डेटोनाचा ट्रॅक त्यात नाहीच. तीनही ट्रॅक कल्पनेतले. एकावर तर जुगाराच्या यंत्राची फिरती चाकं टांगलेली! वळणावर गियर उतरवायचा, गाडी आडवी घसरवायची, आणि वेग फारसा जाऊ द्यायचा नाही. खरी स्टॉक कार अशी चालवली तर ती भिंतीतच जाईल. उलट पपायरसकडे खरे ट्रॅक होते, पण डेटोना नव्हता. एकाकडे नाव, दुसऱ्याकडे गावं.

पपायरसच्या गेममध्ये ६४० बाय ४८० चं बारीक चित्र मिळे, पण त्या वेळच्या साध्या पीसीला ते झेपत नसे. मग खेळणारे काय करत? टेक्श्चर बंद करत. गवत म्हणजे हिरवा पट्टा, भिंत म्हणजे राखाडी पट्टा. आणि त्यांच्या फेऱ्या जलद होत. यात जादू नाही, अंकगणित आहे. ताशी १९० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ८५ मीटर. सेकंदाला दहाच चित्रं दिसत असतील, तर दोन चित्रांच्या मध्ये गाडी साडेआठ मीटर पुढे जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीहूनही जास्त. तेवढं अंतर तुम्ही आंधळेपणानेच चालवता. ६० चित्रांना हेच अंतर दीड मीटरच्या आत येतं. म्हणजे चित्र जितकं श्रीमंत, तितकी दृष्टी अधू. गेमची समीक्षा करताना जी मंडळी नुसते पडद्यावरचे फोटो छापून निकाल देत, त्यांच्या हातून हे हमखास निसटे. फोटो हलत नाही ना!

पण आमचा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे.

अलाबामातला टॅलाडेगाचा ट्रॅक २.६६ मैलांचा, वळणं ३३ अंशांनी कललेली. १९८७ साली बिल एलियटने पात्रता फेरीत तिथे ताशी २१२.८०९ मैलांचा वेग नोंदवला, फेरी ४४.९९८ सेकंदांत. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनच्या गाडीचं टायर फुटलं, गाडी उलट फिरून हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरची जाळी फाडत गेली. काही प्रेक्षक जखमी झाले. (शर्यत जिंकली ती त्याच्याच मुलाने, डेव्हीने.) १९८८ पासून टॅलाडेगा आणि डेटोना इथे कार्ब्युरेटरखाली भोकांची एक पत्र्याची चकती बसवणं सक्तीचं झालं, रिस्ट्रिक्टर प्लेट. इंजिनाला हवा कमी, ताकद कमी, वेग कमी. फेरी पन्नास सेकंदांच्या आसपास गेली.

आता पपायरसच्या टॅलाडेगावर या. तिथेही गाडी त्या आवरलेल्या वेगाच्या आसपासच धावते. का? पडद्यावर जाळीमागे माणसं आहेत कुठे? आहे तो एक ठिपक्यांचा रंगीत पट्टा, आणि तोही पुष्कळांनी बंद केलेला. सेगाने जसा मनमुराद वेग दिला तसा इथेही देता आला असता, कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. तरी दिला नाही. जे प्रेक्षक चित्रात मावले नाहीत, ते फेरीच्या वेळेत शिल्लक आहेत. आमच्या मते त्या गेमचं सगळ्यात खरं चित्रण हेच, आणि ते दिसत नाही, मोजावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आकडा चुकीच्या कारणानेही बरोबर येऊ शकतो. बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा खरी वेळ दाखवतं. आक्षेप योग्यच आहे, आणि टॅलाडेगावर तो जास्तच बोचतो. कारण प्लेट आल्यावर तिथे एकटी गाडी संपूर्ण फेरी पाय दाबूनच नेता येते. म्हणजे ज्याला जिवाची भीती नाही असा खेळणारा जे करील, तेच खरा ड्रायव्हरही करतो! नियमाने वास्तवालाच गेमसारखं केलं. तिथला आकडा जुळला, तर त्याने गाडीबद्दल थोडं सिद्ध होतं, चालवण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही.

म्हणून कस लावायचा तर छोट्या ट्रॅकवर. याच मालिकेतला मार्टिन्सव्हिल घ्या. जेमतेम अर्ध्या मैलाचा, वळणं बरीच सपाट, फेरी वीसेक सेकंदांची. सरळ पट्ट्यावर वेग घ्यायचा की लगेच ब्रेक. ब्रेक उशिरा लावला तर पुढची चाकं वळत नाहीत, गाडी बाहेर सरकते, आणि पेट्रोल लवकर दिलं तर मागची चाकं सुटतात. दर फेरीला टायर तापतं, घासतं, आणि विसाव्या फेरीची वेळ पाचवीसारखी येत नाही. इथे पपायरसचा गेम एकाच आकड्याने नाही, तर आकडे कसे उतरत जातात त्यावरून ओळखावा लागतो. सेगाच्या गेमच्या नेहमीच्या छोट्या शर्यतीत अशी उतरण शोधायला जाऊ नका. तो नाण्याच्या हिशोबाने बांधलेला आहे, तीन मिनिटांत तुम्हाला उठवायचं असतं. त्याला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही.

इथे थांबतो. कुणाला टायरबद्दल विचारायचं असेल तर आधी तेच घेऊ.