समस्थानिकांचा धडा आणि विसरलेला ड्युटेरियम

राज्य मंडळाच्या इयत्ता आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात (2018) 'अणूचे अंतरंग' हा धडा आहे. डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड, बोर या क्रमाने तो नीट चढत जातो, आणि समस्थानिकांची व्याख्या करून त्यांच्या उपयोगांकडे येतो. धडा एकंदरीत चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमची तक्रार आहे ती या उपयोगांच्या यादीबद्दल.

आम्ही दोघे, एक साताऱ्याकडचा आणि एक सांगलीकडचा. आम्ही दोघांनीही ही यादी वर्गात अनेकदा शिकवली आहे. युरेनियम-235 पासून वीज, कोबाल्ट-60 कर्करोगावर, आयोडीन-131 गॉयटरवर, सोडियम-24 जमिनीखालच्या नळाची गळती शोधण्यासाठी, कार्बन-14 जुन्या वस्तूंचे वय काढण्यासाठी, आणि किरणांनी अन्न टिकवणे. 'समस्थानिकांचे उपयोग लिहा' या प्रश्नाला मुले हे सारे घडाघडा लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. पण यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. तिच्यातला एकूण एक समस्थानिक किरणोत्सारी आहे. काही समस्थानिक किरणोत्सारी असतात असे धडा म्हणतो खरा, पण मुलांच्या मनात 'काही' हा शब्द उरत नाही. समस्थानिक म्हणजे किरणे, किरणे म्हणजे धोका, एवढेच उरते. शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही सहज विचारले, की ड्युटेरियम किती दिवसांत निम्मा होतो? बराच वेळ कोणी म्हणाले नाही, की तो निम्मा होतच नाही. ड्युटेरियम स्थिर आहे.

जाता जाता आयोडीनबद्दल एक. आपल्याकडे गलगंड म्हटले की आयोडीनच्या कमतरतेमुळे सुजलेला गळा डोळ्यांसमोर येतो, आणि त्यावरचा उपाय आयोडीनयुक्त मीठ हा आहे. आयोडीन-131 वापरतात ते थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तर, किंवा तिच्या कर्करोगात. पुस्तकातील एका शब्दामुळे दोन वेगळ्या गोष्टी एक होतात. असो.

ड्युटेरियमचे नाव धड्यात येते, नाही असे नाही. हायड्रोजनच्या तीन समस्थानिकांत ते आहे, आणि पुढे अणुभट्टीत मंदायक म्हणून जड पाणीही आहे. पण तिथून तो जो गेला तो परत आलाच नाही. वास्तविक तो आपल्या दारातून वाहतो. महाबळेश्वरला उगम पावून वाई, संगम माहुली, कराड करीत कृष्णा सांगलीला येते. तिच्या पाण्यात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. दहा लिटरच्या घागरीतला सारा ड्युटेरियम वेगळा करून त्याचे जड पाणी केले, तर ते जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम भरेल. वेगळा करणे मात्र कष्टाचे काम आहे. आपल्या राज्यात ते रायगड जिल्ह्यात थळ येथील जड पाणी प्रकल्पात 1987 पासून चालू आहे. हे जड पाणी मुख्यतः अणुभट्ट्यांसाठी असते. पण ड्युटेरियमयुक्त रसायनांची सुरुवात कुठेतरी अशाच जड पाण्यातून होते.

आता या रसायनांचा उपयोग काय? आमच्या मते या धड्यात जे एक उदाहरण असायलाच हवे होते, ते इथे आहे.

ताप आला म्हणून आपण पॅरासिटॅमॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी घेतो. ती रक्तात किती वेळाने उतरते, सर्वांत जास्त प्रमाण केव्हा होते, निम्मे औषध किती तासांत नाहीसे होते, या अभ्यासाला औषधगतिशास्त्र म्हणतात. (इथेही 'अर्धायुष्य' हा शब्द येतो. पॅरासिटॅमॉलचे ते सुमारे दोन ते तीन तास आहे आणि त्याचा किरणोत्साराशी काही संबंध नाही. मुलांना हे मुद्दाम सांगावे.) हा अभ्यास केवळ प्रयोगशाळेतला खेळ नाही. एखाद्या कंपनीची स्वस्त गोळी मूळ गोळीइतकीच काम करते का, हे ठरवताना स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देतात, ठरावीक अंतराने रक्त घेतात, आणि दोन आलेख ताडून पाहतात. सरासरीच्या गुणोत्तराची विश्वासमर्यादा 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसली तर गोळ्या समतुल्य मानतात. पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या गटांसाठी ही चाचणी आपल्या देशात 2017 साली सक्तीची झाली. मिरजेच्या दवाखान्यातून बाहेर पडणारा माणूस समोरच्या दुकानात स्वस्तातली गोळी मागतो, तेव्हा त्याचा सारा भरवसा या मोजमापावर असतो.

आणि मोजमाप सोपे नाही. रक्तात हे औषध मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम एवढेच असते, कित्येक औषधे तर त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकी. रक्तद्रव वेगळा करायचा, त्यातली प्रथिने काढून टाकायची, औषध द्रावकात ओढून घ्यायचे, स्तंभातून सोडून इतर पदार्थांपासून अलग करायचे, आणि शेवटी वस्तुमान वर्णपटमापकात त्याच्या रेणूंना विद्युतभार देऊन वजनावरून ओळखायचे. प्रत्येक पायरीवर थोडे औषध सांडते, चिकटते, मागे राहते. किती राहते ते कळत नाही, आणि ते दर नमुन्यात सारखेही नसते. शेवटच्या पायरीवर तर रक्तातले मेदयुक्त पदार्थ भार मिळवण्याच्या धांदलीत औषधाच्या रेणूंना मागे ढकलतात. एकाच्या रक्तात ते जास्त, दुसऱ्याच्या कमी. मग यंत्राने दाखवलेला आकडा औषधाचा की त्या माणसाच्या आदल्या जेवणाचा?

यावर तोड म्हणजे औषधाला पहिल्या पायरीपासून एक सोबती द्यायचा. सोबती तोच रेणू, फक्त चार हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम. पॅरासिटॅमॉलचा रेणुभार 151, सोबत्याचा 155. परीक्षानळीत (स्वयंसेवकाच्या शरीरात नव्हे, हा घोळ नेहमी होतो) तो मोजून-मापून टाकला की वाटेत जे औषधाचे होते तेच त्याचेही होते. औषध एक तृतीयांश सांडले तर तोही एक तृतीयांश सांडतो. यंत्र मात्र दोघांना वजनावरून वेगळे ओळखते. आपण वाचायचे ते दोघांचे गुणोत्तर. सोबत्याचे मूळ प्रमाण माहीत, म्हणून औषधाचे मूळ प्रमाण निघते. या सोबत्याला अंतर्गत मानक म्हणतात.

कल्पना बरीच जुनी आहे. हॅरल्ड यूरी यांनी 1931 मध्ये ड्युटेरियम शोधला, 1934 मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी हेवेशी व होफर यांनी विरल केलेले जड पाणी पिऊन शरीरातले पाणी किती दिवस टिकते ते मोजले. 1970 मध्ये सॅम्युएलसन, हॅमबर्ग व स्वीली यांनी प्रोस्टाग्लँडिन मोजण्यासाठी ड्युटेरियमयुक्त सोबती वापरला. सॅम्युएलसन यांना प्रोस्टाग्लँडिनांवरील कामासाठी पुढे 1982 चे नोबेल मिळाले.

वर्गात हे दाखवायला यंत्र लागत नाही. एका पोत्यात न मोजलेले हरभरे घ्यावेत. पन्नास हरभरे हळदीने रंगवून त्यात मिसळावेत, पोते चांगले हलवावे आणि एक मूठ काढावी. मुठीत 4 पिवळे आणि 36 साधे निघाले, तर एकास नऊ या हिशेबाने पोत्यात साधारण 450 साधे हरभरे आहेत. गंमत पुढे आहे. पोत्यातले थोडे हरभरे मुद्दाम सांडून द्यावेत आणि पुन्हा मूठ काढावी. उत्तर जवळपास तेच येते, कारण सांडताना पिवळे आणि साधे सारख्याच प्रमाणात सांडले. मूठ मोठी घेतली तर उत्तर अधिक नेमके येते, हेही मुलांच्या आपोआप ध्यानात येते.

याच पोत्यातून पद्धतीचे दोषही दाखवता येतात, आणि ते दाखवले पाहिजेत. नाहीतर एका यादीच्या जागी दुसरी यादी पाठ होईल. हळद कच्ची असली आणि पोत्यात घासून निघून गेली, तर पिवळे कमी दिसतील आणि उत्तर फुगेल. ड्युटेरियमचेही असेच होते. पॅरासिटॅमॉलच्या रेणूत नऊ हायड्रोजन आहेत. त्यांतला ऑक्सिजनला जोडलेला एक आणि नायट्रोजनला जोडलेला एक हे पाण्यातल्या हायड्रोजनशी सहज अदलाबदल करतात. तिथे ड्युटेरियम बसवणे म्हणजे कच्चा रंग लावणे. म्हणून तो कार्बनच्या कड्यावरील चार जागी बसवतात. दुसरा दोष असा, की हळदीच्या पाण्यात भिजून हरभरे फुगले आणि मग चाळणीने चाळले, तर पिवळे वर अडकतील आणि साधे खाली पडतील. ड्युटेरियमयुक्त रेणू स्तंभातून किंचित आधी बाहेर पडतो. बहुतेक वेळा त्याने बिघडत नाही. पण कार्व्हेडिलॉल या रक्तदाबावरच्या औषधाच्या बाबतीत, तेवढ्या फरकामुळे काही जणांच्या रक्तद्रवात औषध आणि सोबती यांच्यावर वेगवेगळा परिणाम होतो, असे 2007 साली दाखवले गेले. अशा वेळी कार्बन-13 किंवा नायट्रोजन-15 बसवलेला सोबती अधिक प्रामाणिक ठरतो, पण तो महागही असतो.

आणखी एक फरक आहे, तो मात्र उपयोगी पडतो. कार्बन-ड्युटेरियम बंध तुटायला कार्बन-हायड्रोजन बंधापेक्षा जास्त वेळ लागतो. याचा फायदा घेऊन केलेले ड्युटेट्राबेनाझिन हे हंटिंग्टन रोगातील अनैच्छिक हालचालींवरचे औषध 2017 मध्ये अमेरिकेत संमत झाले. तिथे ड्युटेरियम सोबती नाही, तो औषधातच आहे. परीक्षानळीत टाकलेल्या सोबत्याला शरीर कधी भेटतच नाही, म्हणून ही संथ गती मोजमापात आड येत नाही.

हे सारे औषधांचे झाले, पण आमच्या भागातल्या मुलांना यापेक्षा जवळचे उदाहरण आहे, ते द्राक्षाचे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या बागेत वाढलेल्या मुलाला खरड छाटणी आणि फळछाटणी सांगावी लागत नाही. खरड छाटणीनंतर वेलीचा शेंडा आवरावा आणि काडीत घड धरावा म्हणून क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांचे 'सीसीसी', फवारले जात असे. 2010 च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हते. शिवाय त्याचा आयन कायम धनभारित असतो, त्यामुळे अनेक कीडनाशके एकदम मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ते नीट हाती लागत नाही. त्याच्यासाठी वेगळी पद्धत लागते, आणि त्या पद्धतीत आज जो सोबती वापरतात तो चार ड्युटेरियम बसवलेला क्लोरमेक्वॅट होय. खरा अंश 0.04 असताना यंत्राने 0.06 दाखवला तर एका कुटुंबाचे वर्ष जाते, आणि उलटे झाले तर खाणाऱ्याची फसवणूक होते. हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुलाला परदेशातली वाटणारी ही गोष्ट आज तासगावच्या मुलाच्या घरातली आहे.

पुस्तक करणाऱ्यांची अडचण आम्हाला कळते. पाने मोजकी असतात आणि अणुभट्टी गाळता येत नाही. पण यादीतले एक किरणोत्सारी उदाहरण कमी करून त्या जागी एका स्थिर समस्थानिकाला दोन ओळी देता आल्या असत्या. आमचाही दोष आहे. इतकी वर्षे आम्ही तीच यादी फळ्यावर लिहीत आलो, आणि ड्युटेरियमला फक्त तक्त्यात जागा दिली.

नवे पुस्तक येईपर्यंत शिक्षकांना एक गणित देता येईल. क्लोरमेक्वॅटच्या आयनात 5 कार्बन, 13 हायड्रोजन, 1 नायट्रोजन आणि 1 क्लोरीन असतो. क्लोरीन-35 धरून मुलांना त्याचे वस्तुमान काढू द्यावे. ते 122 येते. चार ड्युटेरियम बसवलेल्या सोबत्याचे 126. मग विचारावे, की चार कशाला, दोनच बसवले असते तर स्वस्तात काम झाले नसते का? सोबती 124 वर आला असता. आता क्लोरीनचा अणुभार 35.5 का, हे ज्या मुलाला खरोखर कळले आहे, तो सांगेल की 124 या जागेवर साधा क्लोरमेक्वॅट आधीच बसलेला आहे. त्याच्या दर चार आयनांपैकी साधारण एकात क्लोरीन-37 असतो.