असमान पुनःसंयोजन : आनुवंशिकीच्या अध्यापनातील एक दुर्लक्षित उदाहरण

पदवी स्तरावर क्रॉसिंग ओव्हर ही प्रक्रिया बहुधा काटेकोर देवाणघेवाण म्हणून मांडली जाते. अर्धगुणसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रे शेजारी येतात, सारख्याच जागी तुकड्यांची अदलाबदल होते आणि जनुकांची संख्या कायम राहते. हे वर्णन चुकीचे नाही, अपुरे आहे. असमान विनिमयासाठी फळमाशीच्या ‘बार’ डोळ्याचा दाखला दिला जातो. स्टर्टेव्हंट यांचा १९२५ मधील तो अभ्यास अभिजात खराच; परंतु चांदूर बाजारहून परतवाड्यामार्गे मेळघाटात परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या लेखी त्याचे प्रयोजन परीक्षेपुरतेच उरते.

वास्तविक याच प्रक्रियेचे मानवातील उदाहरण विदर्भाच्या आरोग्यप्रश्नाशी निगडित आहे. सोळाव्या गुणसूत्रावर अल्फा ग्लोबिनची दोन जनुके शेजारी असून त्यांच्या भोवतालचे क्रम जवळजवळ सारखे आहेत. या सारखेपणामुळेच जुळणी चुकते. एका गुणसूत्रावरील पहिल्या जनुकासमोर दुसऱ्यावरील दुसरे जनुक येते आणि विनिमय झाल्यास एकीकडे सुमारे ३.७ किलोबेसचा लोप होऊन एकच संकरित जनुक उरते, तर दुसरीकडे तीन जनुके जमतात. (एका वाढीव प्रतीस ‘प्रवर्धन’ म्हणणे सैलपणाचे आहे, ती संज्ञा अनेक प्रतींसाठी राखणे बरे. चार प्रतींची गुणसूत्रेही आढळली आहेत.)

मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली आला. आजही वर्गात हा आजार अकराव्या गुणसूत्रावरील बीटा जनुकातील एका अक्षराच्या बदलापाशी संपतो. त्याचे स्वरूप सोळाव्या गुणसूत्रावरही अवलंबून असते, हे सांगितले जात नाही. अल्फा जनुकाचा लोप सोबत असल्यास रक्तपेशींचे विघटन कमी होते व हिमोग्लोबिन वाढते. म्हणून अशा रुग्णाचा आजार सरसकट ‘सौम्य’ ठरविला जातो. हा निष्कर्ष घाईचा आहे. रक्ताचा दाटपणा वाढल्याने वेदनेचे झटके कमी होतीलच असे नाही, आणि खुब्याच्या अस्थिमृत्यूचा धोका उलट वाढू शकतो.

वाहकांच्या बाबतीत गोंधळ निराळा. लोपामुळे रक्तपेशी लहान दिसतात आणि लोहाची कमतरता गृहीत धरली जाते. सोल्युबिलिटी चाचणीत हा लोप दिसत नाही. एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिन एसचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांऐवजी ३५ किंवा त्याखाली आले तर केवळ शंका घेता येते. खात्री डीएनए तपासणीनेच होते. १ जुलै २०२३ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. त्या चाळणी चाचणीतून बीटा जनुकाचे उत्तर मिळते, अल्फाचे नाही.