परत न येणारं पान

मेंढीकोटाला चौघं लागतात. तिघं येऊन बसलेत आणि चौथा टोमॅटोच्या लिलावात अडकलाय, हे पिंपळगाव बसवंतमध्ये हंगामात नेहमीचंच. तोवर काय खेळायचं? अशा मधल्या खेळांना बोर्डगेमवाले ‘फिलर’ म्हणतात. फिलर छोटा आणि सोपा असावा, एवढीच अपेक्षा सहसा असते. मला ती अपुरी वाटते. फिलर वेळेत संपला पाहिजे, आणि तोवर कोणी रिकामं बसता कामा नये.

भिकार-सावकार घ्या. आळीपाळीने पान टाकायचं, जुळलं की ढीग उचलायचा. याहून सोपं काय असणार? पण उचललेली पानं पुन्हा आपल्याच गठ्ठ्यात जातात. भिकारी झालेला सावकार होतो, सावकार भिकारी, आणि डाव संपायचं नाव घेत नाही. त्यात निर्णयही एकसुद्धा नाही. पानं पिसून वाटली की निकाल ठरलेला. गाढव-झब्बूत डोकं लागतं, हशाही भरपूर. पण झब्बू बसला की खाली पडलेली पानं परत हातात, आणि जो आधी सुटतो तोच बघत बसतो. म्हणजे चांगलं खेळण्याची शिक्षाच.

बदाम सात इथे वेगळा ठरतो. एकदा लावलेलं पान हातात परत येत नाही. सगळी बावन्न पानं वाटलेली असल्यामुळे लावता येईल असं पान कोणाच्या ना कोणाच्या हातात असतंच, म्हणून प्रत्येक फेरीत निदान एक पान कमी होतं. डाव अडूच शकत नाही. शेवटपर्यंत सगळे खेळात असतात. आणि दोन पानं लागत असतील तर कुठलं सोडायचं, कुठली सत्ती दाबून ठेवायची, यात खोडसाळपणाला भरपूर वाव. एक्के-राजे हातात आलेल्याचे हाल होतात, हे खरं. दोघांतही तो फिका पडतो, कारण समोरच्याची सगळी पानं आपल्याला कळतात.

विकतच्या खेळांनाही हीच कसोटी लावता येते. २००४चा ‘नो थँक्स!’ उत्तीर्ण होतो: ३ ते ३५ आकड्यांच्या पानांतली नऊ काढून ठेवायची, उरलेली चोवीस संपली की डाव संपला. २०१२चा ‘लव्ह लेटर’ सोळा पानांचा, चटकन आटपणारा. पण पहिल्याच फेरीत एखादा बाद होऊ शकतो.

नाशिक-पुण्याला नोकरी करणारे शनिवारी घरी येतात, तेव्हा एकत्र बसायला दोन-तीन तास मिळतात. फिलर लांबला तर चौथा येऊन ताटकळतो. बाद झालेल्याने मोबाइल काढला की बैठक तिथेच मोडते. म्हणून नियम किती सोपे आहेत, हे नंतर विचारा. टाकलेलं पान परत येतं का, हे आधी बघा.