सोळा मात्रांतली रिकामी जागा : ब्लूज गिटार आणि व्हिडिओची तालीम

ब्लूजची लीड गिटार शिकवणारे व्हिडिओ बहुधा एकाच ठिकाणाहून सुरू होतात. पाचवा फ्रेट, 'ए' मायनर पेंटॅटोनिक, पहिला साचा. सहा तारा, प्रत्येक तारेवर दोन, अशा बारा जागा. स्वर पाचच : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडच्या श्रोत्याला धानीची आठवण व्हावी अशी ही मांडणी आहे. मग शिक्षक एक 'लिक', म्हणजे चार-सहा स्वरांची छोटी जागा, वाजवून दाखवतो. आधी लयीत, मग सावकाश, मग बोटांवर कॅमेरा नेऊन. शेवटी बॅकिंग ट्रॅक लावला जातो आणि 'आता तुम्ही वाजवा' असे म्हणून शिक्षक निरोप घेतो. अर्ध्या तासात शिकणाऱ्याच्या हातून ब्लूजसारखे काहीतरी निघू लागते. हे यश खरे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न त्या 'सारखे' या शब्दापाशी सुरू होतो.

या शिक्षणावरचा आपल्याकडचा ठरलेला आक्षेप असा : समोर गुरू नाही, चूक दाखवणारा नाही, म्हणून ही विद्या नव्हे. मला हा आक्षेप फारसा टिकणारा वाटत नाही. ब्लूज अर्ध्याहून अधिक यंत्रावरूनच पसरला आहे. मिसिसिपीत शेतमजुरांच्या वस्तीत वाढलेल्या बी. बी. किंग यांनी ब्लाइंड लेमन जेफरसन आणि लॉनी जॉन्सन प्रथम ऐकले ते नात्यातल्या एका आजीच्या फोनोग्राफवर. १९६०च्या आसपास इंग्लंडमधल्या ज्या पोरांनी हे संगीत जगभर नेले, त्यांचे गुरू तर अटलांटिकपलीकडे होते. त्यांच्या हाती होत्या फक्त तबकड्या. त्या काळी अवघड जागा समजून घ्यायची तर तेहतीसच्या गतीची तबकडी सोळाच्या गतीवर लावत. गती निम्मी होई आणि स्वर एक सप्तक खाली जाई. तो पुन्हा वर नेऊन ऐकण्याचे काम कानाला करावे लागे. आजचा व्हिडिओ पाव गतीवर आणला तरी स्वर हलत नाही. सोय झाली, पण कानाची तेवढी मेहनत गेली.

कीथ रिचर्ड्स यांची आठवण प्रसिद्ध आहे. रॉबर्ट जॉन्सनची तबकडी पहिल्यांदा ऐकल्यावर त्यांनी विचारले होते, हा दुसरा वाजवणारा कोण? दुसरा कोणी नव्हताच. जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओला आणि १९३७ मध्ये डॅलसला मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, ती एकट्याने. त्याचे चालते चित्रीकरण उपलब्ध नाही. म्हणून ऐकणाऱ्याला चुकावे लागले, आणि एका माणसाच्या हातात दोन गिटारी कशा मावतात हे शोधताना स्वतःचा हात घडवावा लागला. व्हिडिओ हे कोडे पडूच देत नाही. प्रश्न सुचण्याआधीच बोटांचे उत्तर डोळ्यांसमोर येते.

तरीही डोळ्याचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. अल्बर्ट किंग डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवी. इतर लोक ज्या बारीक तारा वर ढकलतात त्या तो खाली ओढे. त्याच्या मींडेत जी ओढ आहे तिचे एक कारण या धरण्यात आहे, आणि ते नुसत्या तबकडीवरून कोणाला कळले असते? इथे चित्र कानापेक्षा जास्त सांगते.

उलट बाजूचे उदाहरण तिसऱ्या तारेवरच्या पाचव्या फ्रेटचे. साच्यात तिथे कोमल गंधार लिहिलेला असतो. ब्लूज वाजवणारा तो जरासा वर ताणतो; शुद्ध गंधारापर्यंत नेत नाही, मधेच कुठेतरी सोडतो. टॅबमध्ये त्यावर बाण काढून 'पाव' असा अपूर्णांक लिहितात. पण तो पाव दर वेळी पाव नसतो. सतारीवर तार ओढून मींड घेणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही : स्वर किती चढवायचा हे आधीचे काय गाऊन झाले त्यावर ठरते. आणि मूळ अडचण इथेच आहे, कारण व्हिडिओत आधी कोणी गायलेलेच नसते.

ब्लूजचे रूढ आवर्तन बारा बारांचे, प्रत्येक बार चार मात्रांचा. त्याचे तीन समान भाग पडतात. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार, म्हणजे सोळा मात्रा. आपल्या त्रितालाचे एक आवर्तन. मात्र गाणारा या सोळाही मात्रा वापरत नाही. साधारण अर्ध्यात त्याची ओळ संपते आणि उरलेली जागा मोकळी राहते. लीड गिटार जन्मली ती या मोकळ्या जागेत. ती गाण्यावरची नक्षी नाही, गाण्याला दिलेला जबाब आहे. शेतातल्या कामाच्या गाण्यांत एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, तसेच चर्चमधल्या प्रवचनातही. त्या सवयीचे हे वाद्यावर आलेले रूप. पोवाड्यात शाहिरामागे झील धरणारे असतात, तमाशात सवाल-जवाब असतात, म्हणून मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. बी. बी. किंग सांगत की आपल्याला गाणे आणि वाजवणे एका वेळी जमत नाही. ही उणीव म्हणून सांगितली जात असली तरी त्यांची सगळी शैली तिच्यावर उभी आहे : गळा थांबला की 'लूसील' बोलते, ती थांबली की गळा. शिकागोच्या रीगल थिएटरात १९६४ मध्ये मुद्रित झालेली त्यांची मैफल ऐकावी. तिथे तिसरा पक्षही आहे. गिटारला प्रेक्षक ओरडून उत्तर देतात.

आता बॅकिंग ट्रॅककडे पाहू. ड्रम असतो, बास असतो, कॉर्ड्स असतात. नसतो तो गाणारा. बारा बार अथपासून इतिपर्यंत रिकामे, आणि ते भरायचे काम शिकणाऱ्याचे. जी गिटार उत्तर देण्यासाठी होती ती न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत राहते. लिक संपली की दुसरी लिक, दुसरी संपली की पहिली. चांगले शिक्षक 'जागा सोडा', 'वाजवाल ते गाऊन पाहा' असे बजावतात, हे कबूल केले पाहिजे. जस्टिन सँडरको यांच्यासारख्या शिक्षकाने २००३ पासून पायरीपायरीने रचलेले धडे फुकट खुले ठेवले, त्याचा उपकार माझ्यासारख्या अनेकांवर आहे. पण सूचना एक सांगते आणि धड्याची घडण दुसरे. 'अल्बर्ट किंगच्या पाच लिक्स' असा धडा दहा मिनिटांत बसतो, त्याला मथळा देता येतो. आठ मात्रा गप्प बसण्याच्या धड्याला कोण मथळा देणार आणि कोण तो उघडणार?

याचा पुरावा मला माझ्याच हातांनी दिला. दीड वर्ष अशा धड्यांवर घालवल्यानंतर एका मित्राच्या घरी गिटार पुढे आली. तिथल्या एका पाहुण्या बाईंनी सहज, बसल्या बसल्या, एक साधा ब्लूज गायला सुरुवात केली. पाची साचे मला पाठ होते. मी त्यांच्या पहिल्या शब्दाबरोबर वाजवू लागलो आणि थांबलोच नाही. दुसऱ्या ओळीला त्यांनी आवाज चढवला, तिसरीला हसून गाणे सोडून दिले. कोणी काही बोलले नाही. माझा एकही स्वर चुकला नव्हता.

या एकटेपणाला एक जुनी दंतकथा खतपाणी घालते. रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून कला मिळवली, असे सांगतात. खरी हकीकत अशी की मिसिसिपीतल्या हेझलहर्स्टकडे त्याला आइक झिमरमन नावाचा शिक्षक भेटला. कोणाची झोपमोड नको म्हणून दोघे रात्री स्मशानात बसून वाजवत, असे झिमरमनच्या मुलीने पुढे अभ्यासकांना सांगितले. दंतकथेने शिक्षक पुसला आणि एकटा जादूगार उभा केला. रॉकच्या काळात त्या जादूगाराला लांबलचक 'सोलो'चे व्यासपीठ मिळाले, आणि त्याच सोलोचे तुकडे आज धडा म्हणून विकले जातात. ज्यांच्या कष्टाच्या दिवसांतून ही उत्तर देण्याची रीत आली ती काळी माणसे या धड्यांत बहुधा प्रत्येक लिकच्या मथळ्यातली नावे म्हणून उरतात.

पडद्यावर पाहिलेला सर्वांत चांगला धडा मला धडा म्हणून बनवलेल्या व्हिडिओत सापडला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनच्या दूरचित्रवाणी केंद्रात अल्बर्ट किंग आणि स्टीव्ही रे वॉन एकत्र वाजवले. वॉन तेव्हा २९ वर्षांचा, नुकताच नावारूपाला आलेला. समोर ज्याची नक्कल करत तो वाढला तो माणूस. हात दाखवायची ही संधी त्याने साधली असती तर नवल नव्हते. पण म्हातारा गात असताना वॉन बराच वेळ मागे राहून ठेका धरतो आणि त्याच्याकडे पाहत राहतो. जागा मिळाली की बोलतो, आणि बोलतो ती बरीचशी अल्बर्टचीच भाषा.

सध्या मी बॅकिंग ट्रॅक बंद ठेवले आहेत. रीगलची मैफल लावतो. ओळ सुरू असताना उजवा हात मांडीवर असतो, ओळ संपली की तारांवर येतो. अजून बहुतेक वेळा उशीर होतो. माझा पहिला स्वर लागेपर्यंत लूसीलचे बोलून झालेले असते.